जनरल शिफ्टमधली बॅचलर पार्टी

आमच्या सोसायटीतले पद्माकरकाका विनोदी सिनेमा बघताना मांडीवर वही घेऊन बसतात. हसत नाहीत. ऐन गमतीच्या जागी "थांबव" म्हणतात, टीव्हीजवळ जाऊन चष्मा कपाळावर चढवून निरखतात आणि परत येऊन लिहितात, 'जिन्याला कठडा नाही.'

सिनेमा तरी कुठला, तर चार मित्रांचा. इंग्रजी आहे. त्याचे चार भाग आहेत. दर भागात चौघांपैकी एकाचं लग्न ठरतं, त्याआधी मित्र बॅचलर पार्टी करतात आणि तिचा पार बट्ट्याबोळ होतो. पहिल्या भागात नवरदेव सर्कशीच्या सामानाच्या ट्रकमध्ये झोपतो आणि ट्रक निघून जातो. दुसऱ्यात नवरदेवाला शोधणारे मित्र भलत्याच लग्नात जाऊन जेवून येतात. माणसं हे बघून सोफ्यावरून खाली पडतात. काकांनी मात्र ट्रकच्या प्रसंगावर अडीच पानं लिहिली आहेत. सिनेमाचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नाही, म्हणून ते भागांना 'केस एक', 'केस दोन' असं म्हणतात. हा सिनेमा त्यांच्या टीव्हीवर प्रथम मीच लावला. नवीन टीव्हीला इंटरनेट जोडून द्यायला गेलो होतो, चहा होईपर्यंत काहीतरी लावावं म्हणून लावला. पुढे जे झालं त्याचं मूळ कारण मी आहे.

'मूळ कारण' हा शब्दही त्यांचाच. काका भोसरीच्या एका कारखान्यात तीसेक वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. निवृत्त झाले ते कारखान्यापुरते. जिन्यात कुणी घसरता घसरता सावरलं तरी दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं.

"मूळ कारण काय?"

"चप्पल, काका."

"चप्पल नव्हे. चप्पल घालून पळण्याची घाई. घाईचं कारण?"

"कंपनीची बस निघते हो सातला."

"मग उठायला उशीर का?"

असं करत करत ते माणसाला थेट बालपणापर्यंत मागे नेतात. तोवर हिंजवडीची बस निघून जाते. माझ्या दोन बस अशा गेल्या आहेत.

एरवी काका आम्हां पोरांना अरे-तुरे करतात. पण 'ड्युटी' सुरू झाली की एकदम अहो-जाहो. दिवाळीत फटाक्यांजवळ वाळूची बादली घेऊन उभे राहतात आणि सहा वर्षांच्या पोराला म्हणतात, "आपण दोन पावलं मागे व्हावं." पोरगं घाबरून चार पावलं मागे जातं.

काका एकटे राहतात. लग्न केलं नाही. का, ते आमच्या धायरीत कुणाला माहीत नाही. विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही, तर्क करण्याची आहे. माझ्या आईचा तर्क असा, की मुलगी बघायला गेले असतील आणि तिथे गॅसच्या नळीची तारीख तपासली असेल.

तर, आमेयचं लग्न ठरलं. आम्ही सोसायटीतले सात जण एकत्र वाढलेलो, त्यांतला हा पहिला. गोव्याला जायचं ठरत होतं. आमेयच्या आईनं लिफ्टमध्ये काकांना नुसतं म्हटलं, "मुलं गोव्याला चाललीयत हो, धाकधूक वाटते." काकांच्या डोळ्यांपुढे चारही केसेस उभ्या राहिल्या असणार. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबेपर्यंत ते म्हणाले, "मी जातो बरोबर."

गोवा रद्द झालं. खडकवासल्याच्या पुढे, पाण्याच्या कडेला, कुणाचं तरी शेतघर भाड्यानं मिळालं. आणि वेळ ठरली सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

"काका, बॅचलर पार्टी रात्रीची असते," आमेय म्हणाला.

"म्हणूनच नवरदेव हरवतात. रात्री दिसत नाही आणि माणूस दमलेला असतो. पार्टी जनरल शिफ्टमध्ये घ्यायची."

आम्ही म्हटलं, मग केळवणच करू की! त्यावर काका गंभीरपणे म्हणाले, "केळवणात आजवर कुणी हरवल्याचं ऐकिवात नाही. विचार करण्यासारखं आहे."

त्या दिवशी सकाळी नऊला आम्ही सात जण शेतघराच्या अंगणात रांगेत उभे होतो. काकांच्या गळ्यात शिट्टी, हातात हजेरीचा तक्ता. आंब्याच्या झाडाला त्यांनी स्वतः पुठ्ठा बांधला होता: 'एकत्र जमण्याची जागा'. नियम सांगितले. बिअर घेणाऱ्यानं गाडीची किल्ली पोळ्यांच्या डब्यात टाकायची. पाण्यात घोट्यापर्यंत. दर अर्ध्या तासानं शिट्टी, शिट्टी झाली की प्रत्येकानं आपला आकडा ओरडायचा. आमेय एक, मी सात. आणि शेवटचा नियम: "कुणी मागे राहिलाच, तर त्यानं जागा सोडायची नाही. झाडाखाली थांबायचं. बाकीचे येतील."

एका मित्रानं बिअरचा पहिला घोट घेतला आणि शिट्टी झाली. "एक!" "दोन!" "तीन!" पलीकडच्या शेतातली माणसं काम सोडून बघत होती. त्यांना आम्ही कसली तरी भरती वाटलो.

अशा सहा पार्ट्या झाल्या. सहाही नवरदेव वेळेवर आणि अखंड मांडवात पोचले. आयांनी काकांना नारळ दिले. आम्ही मात्र कंपनीत कुणाला सांगत नसू, आपण बॅचलर पार्टीला जाऊन साडेपाचला घरी आलो आणि चहा प्यायलो.

या काळात मी त्यांच्याकडे अधूनमधून सिनेमा बघायला बसायचो. मला कुतूहल होतं. एकच चार भाग माणूस किती वेळा तपासेल? हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. दर भागात शेवटाकडे मित्रांना कळतं की आपला एक माणूस मागे राहिलाय. ते भर रस्त्यात गाडी वळवतात आणि उलटे सुसाट निघतात. ती जागा आली की काका पेनला टोपण लावतात. वही मिटतात. चारही भागांत, दर वेळी.

मी एकदा विचारलं, "काका, ते तर सिग्नल तोडतायत. इथं काही लिहायचं नाही?"

"हं," काका म्हणाले, आणि टीव्हीकडेच बघत राहिले.

यंदा माझं ठरलं. सातवा आणि शेवटचा. मित्रांनी ग्रुपवर बजावलं, ही तरी आपली आपण करू, शिट्टी नको, काकांना तू सांग. लग्न माझं असल्यामुळे वाईटपणाही माझ्याकडेच आला.

मी वर गेलो. काका केस चार बघत होते. मी हवापाण्यापासून सुरुवात केली, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकवर आलो, तिथून पुढे सरकेना.

"मी नको आहे का?" काकांनी विचारलं.

"तसं नाही हो काका..."

"तसंच आहे. मूळ कारण काय? शिट्टी?"

"शिट्टी... म्हणजे थोडी."

त्यांनी टीव्ही बंद केला. बराच वेळ रिमोटची बॅटरी नीट बसली आहे का ते बघत राहिले. मग म्हणाले, "शिट्टी वाजवली नाही, तर येऊ? ही शेवटची आहे रे. यानंतर सोसायटीत लग्नाचं कुणी उरत नाही. पुढची मुलं आता दुसरी-तिसरीत आहेत."

दुसरी-तिसरीतली मुलं लग्नाची होईपर्यंतचा हिशेब त्यांनी मनात करून ठेवलेला दिसत होता. "या काका," मी म्हटलं. मित्रांनी ग्रुपवर मला भित्रा म्हटलं. मी कबूल केलं.

तेच शेतघर, तोच आंबा. काकांनी पुठ्ठा बांधला, कारण तो बांधणार नाही असं काही ते बोलले नव्हते. मग गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली, तक्ता हातात दिला. "आजचा अधिकारी तू. मी पाहुणा."

पाहुणा म्हणून कसं बसायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तासभर खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसले. मग आमेयनं त्यांना मेंढीकोटाला ओढलं. आणि काय सांगू, काका खेळताना लबाडी करतात! हुकूम लपवतात! पकडलं की म्हणतात, "थोडक्यात निसटलं." सहा पार्ट्या या माणसाच्या शिट्टीवर नाचलो, आणि असा मजेचा माणूस शिट्टीच्या मागे बसलाय याचा आम्हांला पत्ता नव्हता. दुपारी जेवताना सगळेच म्हणाले, बरं झालं काका आले.

पावणेपाचला निघालो. दोन गाड्या, एक आमेयची, एक माझी. दोघंही कोकम सरबतावर, कारण चालवायचं होतं. मी झोकात शिट्टी वाजवली. खिडक्यांतून आवाज आले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मी स्वतः सात म्हटलं, तक्त्यावर सात खुणा केल्या आणि गाडी काढली. अधिकारी होण्यात मजा असते, हे मला तेव्हा कळलं.

खडकवासल्याच्या चौपाटीवर भाजलेल्या कणसांसाठी थांबलो. रविवारची ही गर्दी. दोघे जण कठड्यावर चढून पाय पाण्याकडे सोडून बसले. कणसाला लिंबू-तिखट लागलं, मी पहिला घास घेतला, आणि काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायला लागलं. आमेयही इकडेतिकडे बघत होता.

"कुणी म्हणालं कसं नाही," तो म्हणाला, "की आपण कठड्यावरून उतरावं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याला वाटलं काका माझ्या गाडीत आहेत. मला वाटलं त्याच्या. फोन लावला, तर तो आमेयच्या गाडीत वाजला, प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी, काकांच्या पिशवीत.

तक्ता उघडला. काकांच्याच सुवाच्य अक्षरात सात नावं. या तक्त्याच्या सहा नकला याआधी आमच्या हातांतून गेल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीतही आठवं नाव नव्हतं. ते आम्हांला मोजत होते. त्यांना कुणी मोजत नव्हतं. ते स्वतःही मोजत नव्हते. मला इतकी शरम वाटली, की कणीस तिथंच कठड्यावर ठेवलं.

आमेयनं गाडी तिथंच, भर गर्दीत वळवली. मागून मी. लोकांनी हॉर्न वाजवले, एकानं आमच्या घराण्याचा उद्धार केला.

शेतघराच्या फाटकाशी तिथले राखणदार भेटले. "म्या म्हनलं, नाक्यापतुर सोडतो गाडीवर, बस घावंल. तर न्हाई म्हनले. न्हेम हाय म्हनले, जागा सोडायची न्हाई. इचारलं, आन पोरं न्हाई आली मंग? तर खुर्ची वढून बसले."

आंब्याखाली, पुठ्ठ्याच्या बरोबर खाली, प्लास्टिकच्या खुर्चीत काका बसले होते. गुडघ्यांवर हात. ते गॅसच्या सिलिंडरची कळ बंद करायला मागे गेले होते, तेवढ्यात आम्ही निघालो होतो. आम्हां सातही जणांना उतरताना त्यांनी पाहिलं, आणि ओठ हलताना दिसले. ते मोजत होते. सात भरले, तेव्हा उठले.

"मूळ कारण काय?" त्यांनी विचारलं. पण आवाज नेहमीचा नव्हता.

मी तक्ता पुढे केला. "काका, यात तुमचं नाव नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सात नावं पुन्हा पुन्हा वाचली. "कारखान्यातही नसायचं," ते म्हणाले. "आग लागली की सगळ्यांना बाहेर काढून सेफ्टी ऑफिसर शेवटी निघतो. तो निघाला की नाही, हे कुणी विचारायचं, ते कधी ठरलंच नाही. माझ्याही लक्षात आलं नाही बघ."

मी त्यांच्याच खिशातलं पेन घेऊन खाली लिहिलं: 'आठ. पद्माकरकाका.' शिट्टी वाजवली. एक, दोन, तीन असं करत सातापर्यंत आलो आणि थांबलो. राखणदारही थांबले. काकांनी घसा खाकरला.

"आठ," ते म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं, की नियमाप्रमाणे ओरडायला हवं. "आठ!"

येताना ते आमेयच्या गाडीतली आपली पिशवी घेऊन माझ्या शेजारी बसले. धरण मागे पडलं. मग पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

"कुठून वळलात?"

"चौपाटीवरून."

"कळल्यावर किती वेळानं?"

"लगेच, काका. कणीस टाकून."

"चौपाटीवर वळायला मनाई आहे. पाटी आहे तिथं."

"हो, काका. चुकलंच."

काका वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेनला टोपण लावलं आणि वही मिटली.