बर्नार्ड पेनीफोल्ड यांची लोकगीतसेवा

समुद्र ओलांडणाऱ्या प्रत्येक माणसाला आपोआप एका पायरीची बढती मिळते. या नियमाला कुठल्याही सरकारची मंजुरी लागत नाही आणि अर्जही करावा लागत नाही. मुंबईहून आगबोटीने कुवेतला निघालेला उमेदवार बंदराच्या शिडीवरच कारकून होतो, कारकून हिशेबनीस होतो, ज्याला भात शिजवता येतो तो आचारी होतो आणि विलायतेहून आलेला कोणीही साहेब होतो. (साहेबाच्या वर पायरीच नसल्यामुळे जे तिथून निघतानाच साहेब होते त्यांची मोठी कुचंबणा होते.) बायकांना हा नियम लागू नाही. तसे कुठे लिहिलेले नाही, पण लिहिण्याची गरजही कोणाला वाटली नाही.

श्रीवर्धनकडचा उस्मान १९५३ साली कुवेतला आला आणि अहमदीच्या तेलवसाहतीत बर्नार्ड पेनीफोल्ड नावाच्या इंग्रजाच्या बंगल्यावर बेअरा म्हणून लागला. गावाहून त्याला येणाऱ्या पत्रांवर 'तेल कंपनीतले ऑफिसर' असे लिहिलेले असे. उस्मानने ही चूक कधी दुरुस्त केली नाही. पत्र लिहिणाऱ्यांचा हिरमोड कशाला करा, असा त्याचा मोठा विचार होता.

पेनीफोल्डसाहेब लंडनला नट होते. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला आलेली सर्वांत मोठी भूमिका तिसऱ्या शिपायाची. या शिपायाला एक वाक्य होते : "महाराज, पूल पडला." नाटक लांबू लागल्यावर ते वाक्य दुसऱ्या शिपायाला देण्यात आले. अशा परिस्थितीत कुठल्याही कलावंताने करावे तेच साहेबांनी केले, म्हणजे वाळवंटात तेल कंपनीच्या कोठारात नळांची मोजदाद करण्याची नोकरी धरली. वसाहतीत हौशी नाट्यमंडळ होते. रंगमंचावर उभे राहण्याबद्दल पूर्वी ज्याला पगार मिळाला आहे असा मंडळात एकच इसम निघाला. मग तिसरा शिपाई एकदम राजा झाला आणि सलग आठ वर्षे राजाच राहिला. ऑगस्टातल्या कुवेतमध्ये मखमलीचा झगा घालून तो सिंहासनावर बसे. झग्याला इस्त्री उस्मान करी. वसाहतीच्या पत्रिकेत दर प्रयोगानंतर 'अविस्मरणीय' असा अभिप्राय येई. तो लिहिणारे गृहस्थ दर गुरुवारी साहेबांच्या बंगल्यावर पत्ते खेळायला येत. (कलेची जाण अशी बैठकीतूनच वाढते.)

१९६२ साली साहेब रजेवर विलायतेला गेले आणि परत आले ते दाढी, गिटार आणि मासेमारांचा जाडजूड लोकरी स्वेटर घेऊन. तिकडे राजे मागे पडले होते. आता लोकगायकांची चलती होती. लोकगायक होण्याच्या अटी साहेबांनी उस्मानला समजावून सांगितल्या. दाढी हवी. कितीही उकडले तरी स्वेटर हवा. गाताना एक बोट कानात हवे. आणि गाणे दुसऱ्याचे हवे.

पहिल्या तीन अटी साहेबांनी विमानातच पुऱ्या केल्या होत्या. चौथीसाठी ते आधी मोती काढणाऱ्या जुन्या पाणबुड्यांकडे गेले. पण पाणबुडे आता सरकारी कचेऱ्यांत खुर्च्यांवर बसत होते आणि त्यांच्या बोटांत मोटारींच्या किल्ल्या फिरत होत्या. त्यांनी साहेबांना चहा पाजला आणि सांगितले की ती गाणी वल्ही मारताना म्हणायची असतात. साहेब वल्ही मारणार असतील तर आम्ही म्हणू. साहेब परत आले आणि त्यांनी उस्मानकडे पाहिले.

"उस्मान, तुझे आजोबा नाखवा होते ना?"

उस्मानचे आजोबा जहाजावर भटारखान्यात कांदे चिरत. नाखवा ते उस्मानच्या तोंडून झाले होते, तेही मेल्यानंतर चाळीस वर्षांनी. बढतीला मरणाचीही आडकाठी नसते.

"यस साहेब," उस्मान म्हणाला.

आता उस्मानच्या घराकडे वळू. त्याची बायको आणि मुलगी शहरबानू ५८ साली कुवेतला आल्या होत्या आणि सालमियात दोन खोल्यांत राहत होत्या. शहरबानूचे लग्न तिथल्याच जहरा गावच्या हुसेन दुकानदाराच्या मुलाशी, कमालशी ठरले होते. उस्मानच्या गावाकडे अशी रीत आहे की हळदीच्या संध्याकाळी मुलीच्या आईने गाणे धरायचे आणि बाकीच्या बायकांनी ते उचलायचे. गाण्यात विहिणीची यथेच्छ उणीदुणी काढतात, तीही तिचे नाव घेऊन. विहीण तोंडाला पदर लावून हसते. नाव घेतले नाही तर मात्र ती रुसते आणि जेवत नाही.

शहरबानूच्या आईने कुवेतला आल्यापासून नवऱ्याकडे काही मागितले नव्हते. फ्रीज मागितला नव्हता, सोन्याची बांगडी मागितली नव्हती. तिचे एकच म्हणणे होते.

"माज्या आयेनं माज्या हलदीला गाना धरला व्हता. शहरबानूच्या हलदीला मी धरनार. येवढा मना करू द्या."

"कर की," उस्मान म्हणाला होता. यात खर्च काहीच नव्हता.

गाण्याला लागणारा मालमसालाही आयता मिळाला. सुपारीच्या दिवशी कमालची आई फखरुन्निसा घरी येऊन गेली आणि तिच्याबरोबर खिरीच्या दोन भरल्या वाट्याही गेल्या. पोरांसाठी नेल्या, असे तिचे म्हणणे पडले. (तिचे सर्वांत धाकटे पोर म्हणजे कमाल. वय वर्षे चोवीस.) शहरबानूच्या आईने चाल आपल्या आईची घेतली आणि शब्द स्वतः बांधले :

फखरुन्निसा आली, पान खाऊन गेली,
दोन वाट्या खीर माजी पदराखाली नेली.

पुढे बारा कडवी होती. तेराव्यात फखरुन्निसा वाट्या परत आणते, पण रिकाम्या.

साहेबांकडे मोठी मेजवानी असली की शहरबानूची आई अहमदीला मदतीला जाई. असेच एकदा ती समोसे तळत होती आणि लग्न ठरले म्हणून गाणे घोळवत होती. साहेब बर्फ न्यायला आले आणि दारातच थबकले. मग धावत जाऊन ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन आले. तिने तेराही कडवी म्हटली. साहेबांचे डोळे पाणावले. (कढईतल्या मिरच्यांचा हिस्सा वेगळा काढता आलेला नाही.)

"याचा अर्थ काय, उस्मान?"

उस्मानवर मोठा बाका प्रसंग आला. आपली बायको होणाऱ्या विहिणीला खीरचोर म्हणते आहे, हे साहेबाला कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय नाखव्याच्या नातसुनेच्या तोंडी खीर शोभणार कशी? इभ्रतीचा प्रश्न आला की कोकणी माणसाला इंग्रजी आपोआप येते.

"सेलर साँग, साहेब. फखरुन्निसा म्हणजे बोट. बोट गेली. परत नाही आली."

"आणि ही खीर?"

"फेस साहेब. समुद्राचा."

"पदर?"

"शीड."

साहेबांनी वही काढली आणि विचारले, "गाणाऱ्या बाईंचे नाव काय लिहू?"

परक्या पुरुषापुढे बायकोचे नाव घ्यायचे नसते हे उस्मानला लहानपणापासून ठाऊक होते. "नाव नाही साहेब. जुने गाणे आहे," तो म्हणाला. ती कढईपाशीच उभी होती. साहेबांनी वहीत 'पारंपरिक' असे लिहिले. लोकगीत कशाला म्हणावे यावर विद्वानांत पुष्कळ वाद आहेत, पण ती खटपट व्यर्थ आहे. करणारी समोर उभी असताना नवरा जिचे नाव सांगत नाही, तिच्या गाण्याला लोकगीत म्हणतात.

पुढल्या वर्षी विलायतेत तबकडी निघाली. वेष्टनावर स्वेटरमधले साहेब, मागे समुद्र आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'फखरुन्निसा : एका बुडालेल्या जहाजाचा विलाप.' त्याखाली 'संकलन, संस्करण, स्वररचना आणि गायन : बर्नार्ड पेनीफोल्ड'. एका संध्याकाळी रेडिओवर ती वाजली आणि सालमियात उस्मानच्या हातातला कप खाली पडला. शब्द विलायती वळणाचे झाले होते, पण फखरुन्निसा आणि खीर दोन्ही स्वच्छ ऐकू येत होत्या. सोयरीक मोडणार, पोरीला लोक नावे ठेवणार, आपल्याला बिरादरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असे सगळे त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. तो फार घाबरला. दुसऱ्याच दिवशी मिठाईचा डबा घेऊन त्याने जहरा गाठले.

हुसेनच्या दुकानात चहाचे डबे आणि साबणाच्या वड्या यांच्या मधोमध ती तबकडी टांगलेली होती. वेष्टनावर हार होता. फखरुन्निसा स्वतः बाहेर आली.

"उस्मानभाय, गोऱ्या मानसानं माजा नाव घेतला! सगल्या विलायतेत वाजतंय म्हनं."

"पण भाबी, ते खिरीचा..."

"खीर असंल नायतर फिरनी असंल. नाव तर माजा हाय?"

सोयरीक मोडली नाही, पण तिला एक अट जोडण्यात आली. हळदीला गाणे साहेबानेच म्हणायचे आणि स्वेटर घालून म्हणायचे. बायकांचे गाणे नको. एकच गाणे दोन-दोनदा कशाला? उस्मानने तिथल्या तिथे होकार दिला आणि मिठाईचा डबा उघडला. इतके हलके त्याला कधी वाटले नव्हते.

घरी येऊन त्याने बायकोला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"आनि मी?" तिने विचारले.

उस्मानने डोके खाजवले. "तू खीर कर," तो म्हणाला.

हळदीच्या संध्याकाळी सालमियाच्या गच्चीवर जून महिना होता. दोन्ही पंखे साहेबांच्या स्वेटरकडे वळवले होते आणि बाकीची मंडळी बिनतक्रार घामाघूम झाली होती. साहेबांनी बोट कानात घातले आणि इतक्या सावकाश गायला सुरुवात केली की पहिल्या वाटीपासून दुसऱ्या वाटीपर्यंत पोचायला एक पान खाऊन झाले. ज्यांच्या स्वतःच्या लग्नात याच चालीवर आईची उणीदुणी निघाली होती, ते बाप्ये डोळे पुसू लागले. एका म्हाताऱ्याला फखरुन्निसा नावाचे जहाज आठवले. दुसऱ्याचा चुलता तर त्याच जहाजावर बुडाला होता. हा चुलता बाणकोटला अजून जिवंत होता, पण तो मुद्दा कोणी काढला नाही.

पडद्याआड बायका बसल्या होत्या. खिरीचे पातेले उतरवून शहरबानूची आई तिथे आली. लेक हळदीने माखून समोर बसली होती आणि आईला राहवले नाही. तिने गाणे धरले, खऱ्या चालीत, टाळी देत. शहरबानू हसली. तेवढ्यात फखरुन्निसाने विहिणीच्या तोंडावर हात ठेवला.

"अगो, असा नाय! रेकाडमंदी असा नाय. हलू म्हन, नायतर गप ऱ्हा."

ती गप्प राहिली.

गाणे संपल्यावर हुसेनने उभे राहून विचारले, की साहेब, हे रत्न तुम्हाला मिळाले कुठे? साहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "समुद्राने दिले." साहेबांचे आठ वर्षांतले एकही राजेपण या वाक्याच्या जवळपास आले नव्हते. टाळ्यांनी गच्ची हादरली. त्या टाळ्यांतच पडद्याची कड बाजूला झाली आणि शहरबानूच्या आईने, बाप्यांच्या देखत, स्वतःचे नाव सांगितले. दोनदा सांगितले.

उस्मान पडद्यालगतच उभा होता. त्याने ते ऐकले आणि आणखी जोराने टाळ्या वाजवल्या. वाचकांना ते नाव ऐकू आलेले नाही, पण त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. इथवर येईपर्यंत त्यांनी ते विचारलेही नव्हते.