दगाभाईच्या पित्ताशयाचा निकाल

ऑपरेशन सकाळी होतं आणि दगाभाईला भूक लागली होती. साधीसुधी नव्हे! ज्याला एरवी न्याहारीला दोन भाकरी आणि वर केळं लागतं, त्याचं तोंड आदल्या संध्याकाळपासून बंद. नंदुरबारच्या त्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या त्याला डोक्यावरचा पंखासुद्धा खापरावरच्या पुरणाच्या मांड्यासारखा दिसायला लागला होता.

खडे झाले होते पित्ताशयात. वर्षभर त्यांनी जीव नकोसा करून सोडला होता. भजी खाल्ली की कळ, शेजारणीने फोडणी दिली तरी कळ. केळीच्या बागेला पाणी भरता भरता हा भला माणूस बांधावर आडवा व्हायचा आणि बायको शांतीबाई नणंदेच्या नावाने हाका मारत धावायची. शेवटी गावातल्या भटूने खटपट करून विम्याचं कार्ड काढून दिलं, मंजुरी आली आणि आज खडे निघणार हे ठरलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ते तापीकाठचं गाव कसलं? त्या कार्डावरून गावात उभी फूट पडली होती. सरकारने नियम बदलून आरोग्य विम्याचं कार्ड गरीब-श्रीमंत सगळ्यांनाच दिलं, तेव्हापासून पानटपरीवर रोज सभा. दारोदार फिरून कार्डं काढून देणारा भटू हा कार्ड पक्षाचा पुढारी. विरोधी पक्षाचा पुढारी पितांबर, शांतीबाईचा सख्खा भाऊ. त्याचं पालुपद एकच, "फुकटनं औषध आनि फुकटना सल्ला, दोन्ही लागू पडतस नही!" गंमत अशी, की दोन्ही पक्षांतल्या एकानेही अजून कार्ड वापरलं नव्हतं. दगाभाई पहिला. त्यामुळे अख्ख्या गावाचा निकाल त्याच्या पित्ताशयात, खड्यांच्या शेजारी अडकून बसला होता.

साहजिकच सकाळी दोन पिकअप भरून गाव दवाखान्यात उतरलं. माणूस दवाखान्यात पडला की भेटायला जावंच लागतं. जो जात नाही त्याच्या नातवालासुद्धा लग्नात टोमणा ऐकावा लागतो. आणि सगळ्यांच्या पुढे, पदराखाली काहीतरी झाकून, भुरीबाई. दगाभाईची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला कडेवर वाढवलं होतं. वॉर्डाच्या शगुफ्ता सिस्टर स्ट्रेचर आणायला गेल्या तेवढ्यात भुरीबाईने पदराखालून वाटी काढली.

"हात पुढे कर."

"बाई, सिस्टरनी सांगेल शे, काहीच खावानं नही."

"खावाले कोन सांगी ऱ्हायनं? दही-साखर शे. शकुन शे. शकुनले कोनी खानं म्हनस का रे येडा?"

दहावीच्या परीक्षेला जाताना, मुलगी बघायला जाताना, ट्रॅक्टर घ्यायला जाताना, प्रत्येक वेळी याच हाताने त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली होती. त्यातली दहावी सोडली तर बाकी सगळं पार पडलं होतं. दगाभाईने मुकाट्याने हात पुढे केला. शकुन चमचाभर असतो, पण भुरीबाईचा वाटीभर होता आणि खरं सांगायचं तर भुकेनेही थोडा हातभार लावला.

भुरीबाई रिकामी वाटी घेऊन बाहेर गेली आणि शगुफ्ता सिस्टर आत आल्या.

"चाचा, सुबह से कुछ खाया?"

"नही."

"पानी?"

"नही ना."

"तो मूंछ पे ये सफेद क्या है?"

दगाभाईचा हात मिशीवर गेला. "ते... दाढीना साबण शे."

सिस्टर वाकल्या, त्यांनी वास घेतला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "साबणाला दह्याचा वास येतो का तुमच्या गावात?"

मग डॉक्टर आले. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं आणि श्वासात अडकलं तर जिवावर बेततं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि ऑपरेशन उद्यावर ढकललं. ते गेल्यावर दगाभाईने सिस्टरपुढे हात जोडले.

"सिस्टर, बाहेर सांगू नका, तुम्हना पाया पडस. मन्ही बहीण शे, मायना जागे शे. तिन्हामुये हाई व्हयनं हे कळनं तं ती रडी रडीसन जीव देई टाकी."

शगुफ्ता सिस्टरांनाही एक धाकटा भाऊ होता. त्यांनी सुस्कारा सोडला. "ठीक आहे. माझ्या तोंडून नाही निघणार." बाहेर जाऊन त्या एवढंच म्हणाल्या, "ऑपरेशन आज नाही, उद्या," आणि दुसऱ्या पेशंटकडे निघून गेल्या.

झालं! पितांबर याच क्षणाची वाट बघत होता.

"दखा! मी काय सांगी ऱ्हायंतू? कार्डवाला पेशंटले आसंच मांगे ढकलतस! नगदवाला राहता तं आतेपावोत टाके पडी जातात!"

"सर्व्हर बंद व्हई भो," भटू कसंबसं म्हणाला.

"पोट कापाले सर्व्हर लागस का रे?"

पितांबरने तिथेच मोबाइल काढला, "कार्डना नावे आन्याव" अशी सुरुवात करून भाषण ठोकलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. गावात उरलेसुरले होते ते तिसऱ्या गाडीत बसून आले. व्हरांड्यात दोन तट पडले. कार्ड पाहिजे म्हणणारे जिन्याकडे, नको म्हणणारे पाण्याच्या टाकीकडे, आणि ज्यांना काहीच म्हणायचं नव्हतं ते चहाच्या गाडीकडे. सगळ्यांत वरचा आवाज कोणाचा? भुरीबाईचा!

"मन्हा भाऊ कालदिनथून उपाशी शे! पोटमा दाना नही त्यान्हा! जीव लेतस का काय हाई लोके?"

आत खाटेवर दगाभाईने डोक्यावरून चादर ओढून घेतली.

तासाभरात पितांबर आत आला तो थेट हुकूम घेऊनच. "पाव्हना, उठा. गाडी लायी ठेयेल शे. सुरतले जासूत. तठे पैसा दिधा का लगेच ऑपरेशन."

भटूने खाटेची दुसरी बाजू धरली. "दगाभाई, उठू नका! आठून निंघनात तं मंजुरी वाया जाई. परत सगळं पहिलेपासून!"

एक दंडाला धरून ओढतोय, दुसरा पायाला धरून बसलाय आणि मधल्या मधे पोटात खडे बोंबलतायत. परत पहिल्यापासून म्हणजे परत वर्षभर कळा. तेवढ्यात भुरीबाई पुढे आली. तिने हातातल्या सोन्याच्या पाटल्या ओढून काढल्या आणि खाटेवर ठेवल्या. नवऱ्याच्या आजारपणात, पोरींच्या लग्नात, कशाकशात ज्या पाटल्या तिने हातातून उतरू दिल्या नव्हत्या, त्या.

"सुरतना डॉक्टरले ह्या द्या," ती म्हणाली. "पन मन्हा भाऊले मोकळं करा."

त्या पाटल्या दगाभाईला बघवेनात. तो ताडकन उठून बसला आणि ओरडला, "थांबा रे सगळा! दही खाधं मी! म्हनीसन ऑपरेशन ऱ्हायनं!"

पितांबरने दंड सोडला, भटूने पाय सोडला.

"भूक सहन व्हयनी नही. शांतीना डबामधलं चोरीसन खाधं. दवाखानानी चूक नही, कार्डनी चूक नही. मन्ही शे."

"पन मी तं दही..." शांतीबाईने तोंड उघडलं. नवऱ्याने नुसतं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं बघणं पुरतं. तिने पुढचं वाक्य गिळून टाकलं.

मग हशा पिकला तो जिन्यापासून टाकीपर्यंत. भटू हसला, पितांबरचे लोकही हसले. हसली नाही ती भुरीबाई. तिने पाटल्या उचलून हातात चढवल्या आणि भावाला फैलावर घेतलं.

"हाई रे भुक्कड! इतला मोठा घोडा व्हयना, एक दिन दम निंघना नही? चोरी करस? लोकस्मा नाक कापं मन्हं!"

"चुकनं बाई," दगाभाई म्हणाला. त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शगुफ्ता सिस्टर दारात उभ्या राहिल्या आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका! पेशंटला पाणी नाही, चहा नाही, प्रसाद नाही. दही-साखर, शकुन, जे काय असेल ते पोटात गेलं की खाणंच!" बोलताना त्यांनी कोणाकडेही बघितलं नाही. शब्द पाळणारी बाई!

पदराखाली वाटी धरून आलेली भुरीबाई जागच्या जागी थबकली. तिने भावाकडे बघितलं. भाऊ पंख्याकडे बघत होता.

"दगा," तिने हळूच विचारलं. "तू काल चोरीसन खाधं व्हतं ना?"

"हा ना बाई. चोरीसनच."

भुरीबाईने पदराने डोळे पुसले, वाटी शांतीबाईच्या हातात दिली आणि ती जाऊन वॉर्डाच्या उंबऱ्यावर आडवी बसली. मग मात्र मुंगी आत शिरेल तर शपथ! पितांबर देवाचं तीर्थ घेऊन आला, परत गेला. भटू नारळ घेऊन आला, तोही परत गेला.

"लांबथून दखा," ती सांगायची. "आनि तोंड मिटी ठेवा."

ऑपरेशन झालं. झकास झालं. बाटलीतले खडे व्हरांडाभर हातोहात फिरले. पितांबरने ते उजेडात धरून बघितले आणि म्हणाला, "ठीक शे. पन कार्डवर एक दिन उशीर व्हयना तो व्हयनाच."

"उशीर मन्हामुये व्हयना, पितांबर," उंबऱ्यावरून आवाज आला. "दही मी खावाडं. त्यानी मन्हासाठे चोर म्हनाई लिधं. जा, आते टपरीवर हाई सांग."

पितांबर गप्प झाला, आणि पितांबर गप्प होणं ही गावाच्या इतिहासातली मोठीच गोष्ट. दगाभाईने खाटेवरूनच बहिणीला हात जोडले.

घरी सोडायच्या दिवशी कार्डाच्या योजनेचे एक साहेब मोबाइल घेऊन आले. "काका, कार्डावर समाधानी आहात का? काही सुधारणा सुचवायची आहे?"

भटू पुढे सरकला, पितांबरने कान टवकारले. त्यांच्याआधी शगुफ्ता सिस्टरच बोलल्या, "माझी एक लिहा. ऑपरेशनच्या आधी नातेवाईकांना भूल द्या!"

हसणं ओसरल्यावर दगाभाईने दाराकडे बघितलं. भाऊ घास खाईपर्यंत आपणही खायचं नाही म्हणून उपाशी राहिलेली आणि तेव्हापासून रात्रंदिवस दार राखणारी भुरीबाई आता चौकटीला टेकून बसल्या जागी पेंगत होती. पाय अजून दारात आडवेच.

"साहेब, काय विचारी ऱ्हायनात? कार्डनं का बहीणनं?"

"कार्डाचं, काका."

"मंग दोन्हीस्वर समाधानी शे, आसं लिखा. एकटं कार्ड पुरतं नही भो."

मोबाइलमध्ये बहिणीसाठी जागा नव्हती. साहेब हसले, त्यांनी 'पूर्ण समाधानी'वर बोट टेकवलं आणि भुरीबाईची झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेऊन तिचे पाय ओलांडले. एक पाय बाहेर पडतो न पडतो तोच खालून त्यांची पँट कोणीतरी घट्ट धरली.

"ओ साहेब," डोळे न उघडताच भुरीबाईने विचारलं, "त्याले काही खावाले तं दिधं नही ना?"