पिवळ्या चिठ्ठीची वाट

गुलाबराव कुणाच्याही लग्नाला गेले, की नवरदेवाच्या आधी मांडवाची मागची वाट पाहून यायचे. परतवाड्याला एका लग्नात तर त्यांनी खुद्द वरमाईलाच अडवलं आणि तुमाले वळखते कोन, असं विचारलं. बाई पंगत उठेपर्यंत फुगून बसली होती, राजेहो!

अकोल्याच्या नोंदणी कचेरीत ते दप्तर सांभाळायचे आणि मी त्यांच्या हाताखाली कारकून. "पन तपासलं कोनं?" हे त्यांचं पालुपद. चहा आला तरी साखर घातल्याची खात्री दोघांकडून करून घ्यायचे. आम्ही पोट धरून हसायचो. पण त्या डोक्यात काय चीज होती ते सन साठच्या सुमारास कळलं, आणि आजही आठवलं की मी थक्क होतो.

कचेरीत एक लोखंडी कपाट होतं. माणसं जिवंतपणी मृत्युपत्र लिहून, लिफाफ्याला लाख लावून तिथं ठेवत. माणूस गेल्याशिवाय लिफाफा उघडायचा नाही, आणि कपाटाची किल्ली साहेबांपाशी. बाकीचे कागद मात्र कुणीही अर्ज करून खिडकीशी वाचावेत. एखादा कागद दुसरीकडे हलवला, की त्याच्या जागी पिवळी चिठ्ठी ठेवायची, अमुक कपाटात पाहा म्हणून. चिठ्ठी म्हणेल तिकडे शिपाई जाणार.

या चिठ्ठीपायी लोखंडी कपाट सताड उघडं पडलंय, हे गुलाबरावांनी साहेबांना चारदा सांगितलं. साहेबांनी त्यांना जागरण कमी करायला सांगितलं.

शेवटी एका दुपारी त्यांनी नोकरीच पणाला लावली. पातूरच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला त्यांनी जुनं खरेदीखत मागायला लावलं. त्यानं ते वाचलं, हळूच काढून घेतलं, आणि गठ्ठ्यात त्याच्या जागी खिडकीशीच पडलेली एक कोरी पिवळी चिठ्ठी भरून सारली: लोखंडी कपाट, लिफाफा सतरा. तासाभरानं तेच खत पुन्हा मागितलं. शिपायाला गठ्ठ्यात चिठ्ठी मिळाली. ती घेऊन तो साहेबांकडे गेला. साहेबांनी मान वर न करता किल्ली दिली.

लिफाफा शेतकऱ्याच्या हातात! कुलूप फोडलं नाही, किल्ली चोरली नाही. आम्हीच अदबीनं काढून दिला. गुलाबरावांनी तो जसाच्या तसा, लाखेसकट, साहेबांपुढे ठेवला. माझं तर हात जोडायचंच बाकी होतं.

साहेबांचा चेहरा उतरला. ही वाट कधीपासून माहीत आहे, असं त्यांनी विचारलं. अकरा वर्षांपासून, असं कळल्यावर ते म्हणाले, मग आताच एवढी घाई का?

गुलाबरावांनी साहेबांपुढचा लिफाफा बोटानं सरळ केला.

"मोठा भाऊ हाये माहा, हिवरखेडले. माय गेली तवापासून बोलत नाई. त्याचा लिफाफा बी याच कपाटात हाये. आता तो खाटेवर पडून राहिला. मले वावर नोको, साहेब. त्यानं माहं नाव लिवलं का, तेवढंच पाहावं वाटते. अकरा वर्सं हात आवरला, आता आवरत नाई. हे भगदाड माह्यासाठीच बुजवा."

साहेबांनी त्याच दिवशी पिवळ्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि गुलाबरावांनी न मागितलेली रजा मंजूर केली. हिवरखेडच्या मोटारीत मीच त्यांना बसवून दिलं. गाडी सुटताना त्यांनी माझा हात धरला.

"तो दार उघडन ना रे?"