बोट ड्रॅगनकडेच होतं

बोट आपण ड्रॅगनकडेच दाखवलं होतं, हे कात्रीवहिनीचं म्हणणं कुणीही खरं मानलं नाही. नवऱ्याने नाही, शेजारच्या औषधवाल्याने नाही, आणि ज्यांना ते बोट लागलं त्या दाजींनी तर नाहीच नाही.

कात्रीवहिनी शाळेचे गणवेश शिवायची. हे नाव तिला हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, हे विचारायची गल्लीत कुणाची छाती नव्हती. बाहेरच्या खोलीत तिचं कापड कापायचं मोठं टेबल. त्या टेबलावर हल्ली नणंदेचे यजमान, म्हणजे दाजी, गादी टाकून झोपायचे. घराला रंग काढलाय, दोन दिवस येतो, म्हणून आले होते. तो रंग एव्हाना वाळून पोपडे धरायला लागला असेल, पण दाजी हलायचं नाव घेईनात. मशीन गेलं स्वयंपाकघरात, आणि शाळेने एक गठ्ठा परत पाठवला. (एका कॉलरीला कांद्याचं साल चिकटलं होतं. एवढंसंच, पण चिकटलं होतं.) अजून एक गठ्ठा परत आला की ऑर्डर गेलीच. पण जावईमाणसाला 'निघा' म्हणायचं कुणी?

रविवारी त्याच टेबलावर नवऱ्याचा जादूच्या लढायांचा, फाशांचा खेळ चाले. केस पिकलेली माणसं फासे टाकायची आणि स्वतःला योद्धे समजायची. नवरा ऑफिसात कारकून, खेळात मात्र सूत्रधार. गुहा कुठे, राक्षस कुठे, कोण मेलं, सगळं तोच ठरवायचा. (घरात आज भाजी कुठली हेही त्याला कुणी विचारत नसे.) मंत्रांचे नियम त्यानेच इंग्रजीतून मराठीत उतरवले होते, आणि असे उतरवले होते की ते कुणाच्या डोक्यात चढत नव्हते.

त्या रविवारी एक गडी आला नाही, म्हणून कात्रीवहिनीला बसवलं.

"मी काय होऊ?"

"चेटकीण व्हा वहिनी," औषधवाला म्हणाला. "तुम्हाला वेगळं काही करावं लागणार नाही."

नवरा हसला. ते तिने लक्षात ठेवलं.

गुहेच्या तोंडाशी ड्रॅगन बसला होता. ड्रॅगन म्हणून तिचीच इस्त्री ठेवलेली, कारण ती तापते आणि नाकातून वाफ सोडते. इस्त्रीच्या पलीकडे दाजी, चहात बिस्किट बुडवत. तिच्या हातात मंत्राचं कार्ड आलं: 'वाटेला लावणे. बोट दाखवून "नीघ" म्हणावे. बोटासमोर जो जीव असेल, तो आपलं सामान उचलून निघून जातो आणि पुन्हा येत नाही.'

तिने बोट उगारलं.

"नीघ. कधीचा बसलायस फुगून."

दाजींचं बिस्किट चहात पडलं.

"नियमात 'जीव' लिहिलंय," औषधवाल्याने चष्मा सारखा केला. "इस्त्रीला जीव नसतो. बोटासमोर पहिला जीव म्हणजे दाजी."

"अरे, इस्त्रीला ड्रॅगन धरलंय ना," नवरा म्हणाला.

"धरलंय. पण बोट इस्त्रीच्या वरून गेलं. मी बघितलं."

"वरून जाणारच," कात्रीवहिनी म्हणाली. "कात्री धरून धरून वाकलंय ते. जमीन दाखवायला गेले तर छत दाखवतं."

दाजी उठले. "सरळ बोटाने तूप निघत नाही, तेव्हाच माणसं ते वाकडं करतात. समजलं मला. 'सामान उचलून' असंही लिहिलंय, तेही उचलतो."

दाजी बॅग भरायला लागले, आणि कात्रीवहिनीने मनातल्या मनात टेबलावर कापड पसरूनही घेतलं. गप्प बसली असती तर संध्याकाळी कात्री चालली असती. पण नवऱ्याला राहवलं नाही.

"अगं, सांगायचं होतं तर सरळ सांगायचं. हे असं खेळाच्या आडून कशाला?"

आडून. हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता.

"आडून? दाजींना घालवायचं असतं तर मला बोट कशाला लागलं असतं? तोंड काय भाड्याने दिलंय मी?"

दाजींचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. "म्हणजे घालवायचं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग राहू?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खरं बोलावं तर आडून बोलल्याचं कबूल होतं, आणि खोटं बोलावं तर टेबल जातं.

"राहा," ती म्हणाली. शब्द पुरता बाहेर पडायच्या आत दाजींनी गादी पसरली.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि तिने नणंदेला फोन लावला. "वन्सं, तो रंग वाळला की नाही अजून?"

"रंग कसला वहिनी? मीच वाटेला लावलंय त्यांना. कचरा टाकून या म्हटलं, तर कुठे ते सांगितलं नाहीस म्हणून जिन्यात टाकला. त्या खेळाचे नियम डोक्यात गेलेत. ज्यांनी तो खेळ माझ्या घरात घुसवला, त्यांनीच आता माझा नवरा सांभाळावा."

कात्रीवहिनीला हत्तीचं बळ आलं. फोन स्पीकरवर टाकून ती बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"घ्या, ऐका तुमच्या बहिणीच्या तोंडून, तिच्या संसारात खेळ कुणी घुसवला ते. सांगा वन्सं, घ्या यांचं नाव."

"त्याने नाही काही," वन्सं म्हणाल्या. "वाढदिवसाला मला भेट म्हणून आला तो खेळाचा डबा. घरातली अडगळ काढून दिलेली, मला काय कळत नाही?"

नवऱ्याने हळूच मान वर केली. "तरीच माझा पहिला डबा सापडेना."

"पण पाठवला कुणी?" औषधवाल्याने विचारलं. त्याला नियमाप्रमाणे नाव लागत होतं.

"अहो, तुमच्यासमोर फोन धरून उभ्या आहेत ना, ह्याच. कात्रीवहिनी."