एकही पाणबुडी बुडालेली नाही

पाणबुडीच्या आयुष्यात दोनच महत्त्वाची कामे असतात: खाली जाणे आणि वर येणे. पैकी पहिले काम वीटही करते. (मंडळाच्या नियमावलीत विटेचा उल्लेख नाही.)

हे मंडळ रिमोटवर चालणाऱ्या छोट्या पाणबुड्यांचे. (त्यांना खेळणी म्हणणाऱ्याला तळ्याकाठी उभे करत नाहीत.) त्याच्या उमेदवारांतल्या एका लिफ्टमनने तीस वर्षे माणसे वर-खाली केली होती, तेव्हा निवृत्तीनंतर त्याला हाच नाद लागावा हे ओघानेच आले. चार वर्षे खपून त्याने हातभर लांबीची पाणबुडी केली. तिच्या पोटात एक टाकी. पंपाने टाकीत पाणी घेतले की ती जड होऊन खाली जाते, पाणी बाहेर फेकले की वर येते. घरच्या टबात ती दोनशे अकरा वेळा खाली गेली आणि तितक्याच वेळा वर आली. (या काळात कुटुंबाने बादलीने आंघोळ केली.) आता समितीसमोर तळ्यात एक बुडी साधली की तो पक्का सभासद, नाही तर जन्मभर उमेदवार.

रेडिओचा संदेश खोल पाण्यात पोचेलच असे नाही. म्हणून शहाणा माणूस आत एक यंत्र बसवतो: संपर्क तुटला की पंप आपोआप टाकी रिकामी करतो. लिफ्टमनने ते बसवले होते. समितीने नेमके तेच हेरले.

"ही वर कोणाच्या परवानगीने येणार?" अध्यक्षांनी विचारले.

"संपर्क तुटला की आपली आपण येते, साहेब."

"आपली आपण? मग आम्ही इथे कशाला बसलोय?"

नियम नववा: अध्यक्षांनी हिरवे निशाण दाखवल्याशिवाय कोणतीही पाणबुडी वर येणार नाही. नियम योग्यच आहे. उद्या जो तो मनाला येईल तेव्हा वर यायला लागला तर शिस्त ती काय राहिली?

"अहो, नका काढू ते," बायको म्हणाली. पण तीस वर्षे साहेब सांगतील त्या मजल्यावर थांबलेल्या माणसाने मुकाट्याने त्या यंत्राची तार सोडवली.

पाणबुडी झोकात खाली गेली. टाळ्या पडल्या. हिरवे निशाण हलले. लिफ्टमनने वर येण्याचे बटण दाबले. एकदा दाबले की पुरे, असे त्याने जन्मभर लोकांना सुनावले होते. आता त्याने ते एकोणचाळीस वेळा दाबले.

चहा होईपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली. मग सचिवांनी वही उघडून अकरा वर्षांची आकडेवारी अद्ययावत केली. बुडालेल्या पाणबुड्या: शून्य. अद्याप पाण्याखाली: पंधरा. खाली जाणे निर्विवाद असल्याने बुडी यशस्वी ठरली आणि लिफ्टमनला सभासदत्वाचे कार्ड मिळाले.

"हे तरंगतं का बघा टबात," बायको म्हणाली. त्याला रडू आले, ते त्याने चहाबरोबर गिळले.

तेव्हापासून तो रोज तळ्याकाठी रिमोट घेऊन उभा राहतो. तुम्हाला तो खुळा वाटेल. पण परवा तुम्हीच सरकारी कचेरीच्या खिडकीवर तिसऱ्या वर्षी विचारायला गेला होतात, आणि तुमचा अर्ज नामंजूर झालेला नाही, विचाराधीन आहे, एवढे ऐकून आभार मानून घरी आलात.