घड्याळकाकांची सुनावणी

शांतता हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. फक्त तो तीन प्रतींत आणि जरा मोठ्याने मागावा लागतो.

घड्याळकाका बत्तीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत होते. घड्याळ कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि त्याचं दुखणं सांगायचं, ही त्यांची रीत. मग खिडकीपासून अकरा पावलांवर महामार्ग आला. (नकाशात बारा होती, एक पाऊल विकासाने पुढे टाकलं.) तेव्हापासून कानाला लावलेलं प्रत्येक घड्याळ ट्रकसारखं धडधडू लागलं. गिऱ्हाईकं तुटली. हाका मारमारून काकूंचा घसा बसला आणि त्या जेवायला बोलावण्यासाठी खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करू लागल्या. हे मात्र काकांच्या जिव्हारी लागलं.

ते ध्वनी निवारण कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी मोठ्या आपुलकीने कायदेशीर पर्याय सांगितले. भरपाई मिळते, पण रस्ता होण्याआधीपासून त्याचा त्रास होत असल्यास. घर मागे सरकवता येतं, त्याला कुणाची हरकत नाही. नाहीतर तक्रार. काकांनी तक्रार केली, कारण छापील अर्ज तिचाच शिल्लक होता.

सातव्या महिन्यात निरीक्षक यंत्र घेऊन घरी आले.

"नेमका त्रास कशाचा?"

"आवाजाचा!"

"कशाचा?"

"आवाजाचा हो!"

"जरा मोठ्याने बोला की, आजोबा."

काकांनी बेंबीच्या देठापासून सांगितलं. यंत्राने इमानेइतबारे नोंद घेतली. अहवाल आला: रस्ता सरासरीने नियमात बसतो, सर्वाधिक आवाज अकरा वाजून बारा मिनिटांनी, खुद्द तक्रारदाराचा. सोबत काकांच्या नावे नोटीस होती.

मग सुनावणी झाली. (कायद्यात तिला हेच नाव आहे.) कार्यालयही त्याच महामार्गाला लागून असल्याने कोण काय म्हणालं हे दोन्ही बाजूंना कळलं नाही. शेवटी काका उठले आणि खिशातलं घड्याळ त्यांनी साहेबांच्या कानाला लावलं.

"चालू आहे की बंद?"

साहेबांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. "बंद."

काकांनी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. सेकंदकाटा निवांत फिरत होता. साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. मग नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने फाडली आणि तिथल्या तिथे आदेश काढला.

आदेशानुसार काकांच्या घरासमोर फलक लागला: 'हॉर्न वाजवू नका. इथे माणसं राहतात.' खाली बारीक अक्षरांत चार कलमं आणि आदेशाचा क्रमांक. लोक खरोखरच वाचतात. वाचायला गाडी हळू करतात. पुढची गाडी हळू झाली की मागचा काय करतो, हे सुजाण वाचकांना सांगायला नको.

काकांची आता तक्रार नाही. ते एवढंच विचारतात, परवा त्या पांढऱ्या गाडीच्या मागे तुम्हाला एवढी कसली घाई होती?