राजाजीनगरची पाणबुडी

आमचे घरमालक रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर येऊन अरबी समुद्राची भरती-ओहोटी जाहीर करतात. मोठ्याने. राजाजीनगरात! इथून समुद्र म्हणजे रात्रभराची बस आणि मध्ये एक अख्खा घाट. आमच्या गल्लीत पाणी म्हटलं की एकतर टँकर, नाहीतर टँकरची वाट बघणं. तरी अण्णा कठड्याला टेकून सांगणार, "आज भरती दहा सत्तेचाळीसला. वारा नैऋत्येचा." खालून फुलवाली कानडीत विचारते, "अण्णा, समुद्र हेंगैते?" अण्णा म्हणतात, "चन्नागिदे." समुद्र बरा आहे म्हटल्यावर ती निश्चिंत होऊन मोगरा मोजायला लागते.

मी नागपूरची. समुद्राशी माझा संबंध शाळेच्या एका सहलीपुरता, आणि त्यातही मी चप्पल हरवून आले होते. इथे राहायला आले त्या पहिल्या सकाळी ही घोषणा कानावर पडली आणि मी अंथरुणातच म्हटलं, बाप्पा! कुठे येऊन पडले मी!

तसं पाहिलं तर आदल्या आठवड्यातच सावध व्हायला हवं होतं. घर बघायला आले तेव्हा इतर घरमालक विचारतात ते एकही त्यांनी विचारलं नाही. मांसाहार करता का नाही, लग्न झालंय का नाही, मित्र येतात का नाही. फक्त एक प्रश्न, "तुम्ही 'अंदाजे' म्हणता काय?" मी म्हटलं, "म्हणजे?" तर म्हणाले, "अंदाजे, सुमारे, साधारण. हे तीन शब्द या घरात चालत नाहीत. बाकी सगळं सरी, चालेल." माझं ऑफिस मारतहळ्ळीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तरी मी हे घर घेतलं. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा पगार मिळतो मला, तेव्हा असल्या माणसाशी जमेल असं वाटलं.

जमलं म्हणजे कसं, तर एकदा मी जिन्यातून ओरडले, "अण्णा, पाच मिनिटांत येते!" बारा मिनिटांनी खाली गेले. अण्णा घड्याळ घेऊन दारात उभे. "बाकीची सात कुठं गेली, अम्मा?" माझं वय त्यांच्या नातीचं, पण इथल्या जुन्या मराठी घरांतल्या रिवाजाने मी अम्मा. स्वतः अण्णा चौऱ्याऐंशीचे. वाळक्या शेंगेसारखे सडसडीत, कमरेला पांढरं पंचं, शर्टाच्या खिशाला दोन पेन. एक निळं, एक लाल.

अण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. काम एकच, जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड कुठे आहे ते शोधायचं. या टोकाने मोजायचं, त्या टोकाने मोजायचं, दोन्हींचा हिशोब घालायचा आणि रस्त्यावर खडूने फुली मारायची. तिथेच पहार. रस्ता दुसऱ्यांदा खणायला लागला असं त्यांच्या नोकरीत झालं नाही, असं ते सांगतात. मी विश्वास ठेवते, कारण आता या शहरात रस्ते किती वेळा खणतात ते बघते आहे.

गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक अण्णांकडे येतात. अण्णा चहा देत नाहीत, दोन प्रश्न देतात. "शेवटचं कुठं बघितलं? आणि नाही म्हणून पहिल्यांदा कधी कळलं? फॉल्ट यांच्या मध्येच असतो. कादंबरी सांगू नका." माझी स्कूटरची किल्ली हरवली तेव्हा माझी अशी उलटतपासणी झाली की मी न केलेले गुन्हेही कबूल केले असते. शेवटी किल्ली फ्रिजमधल्या दोशाच्या पिठाच्या डब्यामागे निघाली. अण्णा फक्त "होय की" म्हणाले आणि खाली गेले.

आणि या माणसाने सगळ्यात मोठी हरवलेली वस्तू हाती घेतली होती ती म्हणजे पाणबुडी. दुसऱ्या महायुद्धातली, जपानी. त्यांच्या दिवाणखान्यात टेबल नाही, सोफा नाही. फरशीभर खडूने समुद्र काढलेला. दारातून शिरलात की मालदीव, पंख्याखाली लक्षद्वीप, देवघराच्या उंबऱ्याशी श्रीलंका. सगळ्या पाण्यावर चौकोन आखलेले आणि कित्येक चौकोनांत लाल फुल्या. पाहुणा आला की अण्णा हाताला धरून नेतात, "स्वल्प डावीकडून या, तिथं खोल आहे." मंजम्मा म्हणून कामाला येते, तिने एका सणाला उत्साहाच्या भरात मालदीव पुसून टाकलं. अण्णा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती म्हणाली, "एवढंच वाटतं तर समुद्र भिंतीवर काढा की!" तिचंही चुकलं नव्हतं.

गंमत म्हणजे या माणसाने समुद्र पाहिलेलाच नाही. मी एकदा म्हटलं, "अण्णा, मंगळूरला जाऊन येऊ." तर म्हणाले, "तिथं जाऊन काय करू? पाणी वरून दिसतंय. काम खाली आहे."

मला वाटलं, रिकामा वेळ आणि रिटायर माणूस, दुसरं काय! पण खरं कारण सांगितलं अक्कांनी. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, नव्वदीच्या उंबऱ्यावर. दोघंच राहतात. अण्णांची बायको लवकर गेली, अक्कांचं लग्न झालंच नाही. त्या खिडकीशी पलंगावर बसून असतात, कान मात्र तिखट. हिवाळ्यात एका रविवारी आम्ही दोघी अवरेकाईच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

वडील इंग्रजांच्या फौजेत कारकून होते. अण्णा पोटात होते तेव्हा त्यांना मलायात पाठवलं. तिथे जपान्यांच्या हाती सापडले, मग जपान्यांच्या बाजूने लढणाऱ्या तिथल्याच हिंदी फौजेत सामील झाले. लढाई संपल्यावर त्यांचा एक सोबती घर शोधत आला. आईला म्हणाला, तुमच्या यजमानांना मी स्वतः पाणबुडीत चढताना बघितलं. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर गुपचूप उतरवणार होते त्यांना, तिथून घर गाठतो म्हणाले होते. ती पाणबुडी तिच्या बंदरात परत गेली नाही. आणि वडील घरी आले नाहीत.

"मग नातलगांची तोंडं सुटली," अक्का म्हणाल्या. "म्हणाले, पाणबुडी कसली न् काय कसली! तिकडं दुसरी केली असणार. आई मरेपर्यंत कुंकू लावायची, तर बायका तोंडावर विचारायच्या, कुणाच्या नावाचं म्हणून. मला दोन स्थळं आली. मुलीच्या बापाचा पत्ता नाही म्हणून दोन्ही माघारी गेली. तिसरं आलं नाही."

"आणि श्राद्ध?"

"कसं करणार? मेले म्हणून कळल्याशिवाय पाणी सोडायचं? आईनं करू दिलं नाही, तिच्यामागं मी करू दिलं नाही." त्यांनी शेंगेतून दाणा काढून ताटलीत टाकला. "ते घरी येत होते, अम्मा. वाटेत बुडाले म्हणून आले नाहीत. एवढं एकदा नक्की कळू दे. मग आईला वर जाऊन सांगते."

मी त्या दिवसापासून थट्टा थोडी कमी केली. बंद नाही केली.

अण्णा पाणबुडी केबलसारखीच शोधत होते. मलायापासून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेचे तुकडे पाडलेले. परदेशातली काही हौशी मंडळी बुडालेली जहाजं शोधत हिंडतात, त्यांच्याशी पत्रव्यवहार. पत्रं अण्णा सांगायचे, मेल मी करायचे. त्यांचे प्रवाहांचे हिशोब बघून ती मंडळी त्यांना 'प्रोफेसर' म्हणायला लागली होती. दर मोसमात ते बोटीमागून यंत्र ओढत अण्णांचा एखादा चौकोन धुंडाळायचे आणि कळवायचे, इथे नाही. अण्णा लाल पेन बाजूला ठेवून लाल खडूने फुली मारायचे. माणूस निराश व्हावा की नाही? हे नुसते "सरी" म्हणायचे.

एका संध्याकाळी माझ्यातली परीक्षक जागी झाली. म्हटलं, "अण्णा, केबलला दोन टोकं असतात म्हणता. मग तुम्ही येतानाचीच वाट का तपासताय? माणसं उतरवून पाणबुडी परत जाणार ती दुसऱ्या वाटेने, हे तुम्हीच सांगितलंत. येताना मालदीवला वळसा, जाताना सरळ दक्षिणेला. त्या दक्षिणेच्या वाटेवर तर एकही फुली नाही."

"तिकडं जरूर नाही."

"का पण?"

"पस्तीस वर्षं केबलमध्ये काढलीत मी. तुम्ही तुमची टेस्टिंग मारतहळ्ळीत करा!"

एवढ्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला राग आला. तरातरा वर निघाले आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणबुडी जातानाच्या वाटेवर सापडली तर वडील तिच्यात नव्हतेच. ते उतरले होते. जिवंत, याच जमिनीवर, घरापासून एका रात्रीच्या अंतरावर. आणि तरी आले नाहीत. माझी जीभ झडली कशी नाही, असं झालं मला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर घोषणा झाली नाही. फुलवालीने मलाच विचारलं, समुद्राला काय झालं म्हणून.

पावसाळ्यानंतर अक्कांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून परत आल्या त्या निम्म्या होऊन. अण्णा त्यांना पेज भरवत होते, मी तिथेच होते. अक्का म्हणाल्या, "राहू दे रे आता तुझं ते. वडलांना पाणी न देताच जायचं दिसतंय मला."

अण्णांनी चमचा वाडग्यात ठेवला. संध्याकाळी मला खाली बोलावलं. "मेल करायचंय," म्हणाले. कपाटातून एक कागद काढला, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर एकच चौकोन. जातानाच्या वाटेवरचा. म्हणजे हिशोब कधीचाच झालेला होता. त्यांनी आकडे सांगितले, मी टाईप केले. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो.

पाणबुडी दुसऱ्याच फेरीत सापडली. मेल मी वाचून दाखवला. 'प्रोफेसर, तुमचं बोट बरोबर जागेवर होतं. सोबत फोटो. उतारू नेण्याच्या रबरी होड्या जागेवर नाहीत, पाणबुडीचं तोंडही परतीच्या दिशेला आहे. म्हणजे तुमचे वडील सुखरूप उतरले असावेत. आम्हा सर्वांतर्फे मनापासून अभिनंदन.'

अण्णा म्हणाले, "फोटो मोठा काढून आणाल काय?"

मी आणला. हिरवट अंधारातला लोखंडाचा लांबोडका ढीग, वर शेवाळ. अण्णांनी आंघोळ केली, धुतलेलं पंचं नेसले आणि फोटो अक्कांच्या मांडीवर ठेवला.

"सापडली."

अक्कांनी चष्मा मागितला. कितीतरी वेळ त्या फोटोवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत होते?"

"होते."

"किनारा किती राहिला होता?"

"सव्वीस मैल," अण्णा म्हणाले. पापणीही हलली नाही त्यांची.

"सव्वीसच की रे," अक्का म्हणाल्या आणि रडायला लागल्या. नव्वदीच्या बाईला मी असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, लहान मुलीसारखं, हुंदके देऊन. "सव्वीसच! एवढे जवळ आले होते. आईला सांगते. पहिलं हेच सांगते." अण्णा त्यांची पाठ चोळत उभे होते. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

महिन्याने तिथी धरून श्राद्ध केलं. भटजींनी विचारलं, मृत्यू कुठे? अण्णा म्हणाले, समुद्रात. अक्का खुर्चीत बसून, इरकली नेसून, हात जोडून सगळं बघत होत्या. अण्णांनी वडलांच्या नावाने पाणी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदाच. मग पानं मांडली, वडे, खीर, सगळं रीतसर. अक्कांनी कितीतरी दिवसांनी मागून घेऊन खाल्लं आणि बसल्या जागी झोपल्या.

मी जिन्यात अण्णांना गाठलं. मला राहवत नव्हतं. हळूच म्हटलं, "अण्णा, उतरले तो किनारा आता ठाऊक आहे. तिथून पुढे शोधता येईल ना? कुणी धरलं असेल, कुणी मारलं असेल, आजारी पडले असतील..."

"येईल की. एक टोक मिळालंय."

"मग?"

"आणि तिथंच कुठं त्यांचं घर निघालं, बायको-मुलं निघाली, तर?" त्यांनी आत डोकावून अक्का झोपल्यात ना ते बघितलं. "अक्का आहे तोवर वडील पाणबुडीतच आहेत, अम्मा."

"आणि तुमचं काय, अण्णा?"

ते पायरीवर बसले. पंच्याचा सोगा मांडीवर ओढून घेतला.

"मी तर त्यांना बघितलंच नाही," म्हणाले. "दुसरं घर केलं असतं तरी माझी काही तक्रार नव्हती. एकदा यायला पाहिजे होते."